तुटायचा दोर

नाशिक,
११ ऑगस्ट १९९६

प्रिय रत्ने,

दरवर्षी दिवाळीला एक कार्ड, यापलीकडे आपला पत्रव्यवहार नाही. आज काम आहे म्हणून लिहिते आहे. गोड प्रस्तावना करत नाही. माझा स्वभाव तुला वसतिगृहापासून माहीत आहे.

शाळातपासणीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी दर बुधवारी घोटीच्या पुढे कातळवाडीला जाते. धरण झालं तेव्हा ही वाडी पाण्यापलीकडे राहिली. अलीकडे एस.टी.चा रस्ता आणि उपकेंद्राची नर्स स्नेहल, पलीकडे माणसं. डोंगराला वळसा घालून चालत यायचं तर अर्धा दिवस जातो. दोन वर्षांपूर्वी तिथली लंका नावाची पोर बाळंतपणाला अशीच निघाली. वाटेतच मोकळी झाली आणि मूल राहिलं नाही. त्यानंतर आमच्या महिला मंडळाने खटपट करून वाडीला एक लाकडी होडी मिळवून दिली.

होडी चालवते लंकाची सासू, भागीबाई. पुरुष हंगामात पिंपळगावला द्राक्षांच्या कामाला जातात, म्हणून बाईच्या हाती वल्ही. आवाज असा की या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी भांडते आणि जिंकते.

ती होडी गेल्या महिन्यात बुडाली. भागीबाईने ती काठावरच्या आंब्याला आखूड दोराने करकचून बांधली होती. मी पाहिलं आणि शाबासकीही दिली. पाऊस कोसळला, धरणाचं पाणी पुरुषभर चढलं. पाणी वर जाऊ लागलं, दोर सोडेना. होडीचं नाक खाली दाबलं गेलं, ती भरली आणि गेली. मी रागावले तर भागीबाई म्हणते, "सुटली नाय ना बाई? बांधली तिथंच हाय!"

मंडळ दुसरी होडी देणार आहे, फायबरची. तिसरी मिळणार नाही हे त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे. ही गेली तर स्नेहलचं पलीकडे जाणं बंद, आणि बायका पुन्हा त्या डोंगरवाटेवर.

तू बी.ए. होऊन हर्णैच्या तांडेलाच्या घरात गेलीस. मच्छीमारांच्या होड्या चालवणारा नवरा आणि खिडकीत समुद्र. होडी पाण्यात उभी कशी ठेवायची ते मला मुद्देसूद लिही. आकृती काढ. लवकर लिही.

तुझी
अनसूया


हर्णै,
८ सप्टेंबर १९९६

प्रिय अनसूये,

होडी झाडाला आखूड बांधली? म्हैस होती का ती? पत्र वाचून हसू आलं, मग लंकाचं वाचलं आणि हसू गेलं.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोर हातात घेऊन दाखवलं ते जसंच्या तसं लिहिते.

होडीला घट्ट धरायचं नसतं. ती पाण्याची आहे. तिला पाण्याबरोबर वरखाली होऊ द्यायचं आणि दूर मात्र जाऊ द्यायचं नाही. पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, लांब दोर बांधून त्याला नांगर. लोखंडी नसेल तर भोक पाडलेला जड दगड चालेल. तो खोल पाण्यात टाकायचा. दोर पाण्याच्या खोलीच्या चौपट-पाचपट लांब हवा. आखूड असला तर लाट होडीला उचलते तेव्हा नांगरही उचलला जातो. लांब असला की तो तळाशी आडवा ओढला जातो आणि घट्ट रुततो. होडीच्या मागच्या अंगाला दुसरा दोर, तो काठावर, आणि तोही सैल. जिथे दोर लाकडावर किंवा सालीवर घासतो तिथे सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची. दोर मध्ये कधी तुटत नाही, घासतो तिथे तुटतो.

गाठ अशी हवी की ओढ बसली तर आवळेल आणि भिजली तरी बोटांनी सुटेल. सोबत आकृती आहे. ती मी काढली म्हणून वाकडी आहे. गाठ सरळ आहे.

इथे खिडकीतून दिसतं ते रोज नवं वाटतं बघ. ओहोटीला अर्ध्या होड्या वाळूत कलंडतात, भरती आली की एकेक उठून उभी राहते. मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात जातात. बैलांच्या पोटाला लाट लागते तरी ते हलत नाहीत.

तुझी
रत्ना


नाशिक,
३ डिसेंबर १९९६

प्रिय रत्ने,

तुझ्या पद्धतीने सगळं केलं. नवी होडी दसऱ्याला पाण्यात गेली. नांगर म्हणून जुन्या जात्याची तळी वापरली. भोक आयतंच होतं. गाठ भागीबाईला एकदा दाखवली. दुसऱ्यांदा तिने मला दाखवली आणि माझी चूक काढली.

आणि तरी होडी गेल्या बुधवारी चिखलात बसलेली सापडली. दगड कोरड्या जमिनीवर, दोर शेवाळ्यात, आणि पाणी दहा हात पलीकडे. स्नेहल औषधांची पेटी घेऊन या काठावर तिष्ठत उभी. पलीकडून पाच बायकांनी होडी ओढून पाण्यात घातली. बूड खरवडलं आहे, फुटलं नाही.

तुझ्या भरती-ओहोटीत एक मोठी उणीव आहे. दिवाळीनंतर धरणातून शेतीला पाणी सोडतात. ते रोज थोडं उतरतं आणि उतरतच राहतं. भागीबाईचे शब्द लिहिते: "तुमच्या मैत्रिणीचं पाणी सकाळी जातं आन् सांजंला घरी येतं. आमचं पाणी सासरी दिलेल्या पोरीवानी हाय. गेलं ते गेलं. पंचमीलाच माहेरी येनार, आन् येताना लय जोरात येनार."

मला तिच्या बोलण्यात भर घालण्यासारखं काही सापडलं नाही. आता रोज कुणीतरी जाऊन होडी पाण्यामागे सरकवते. उन्हाळ्यापर्यंत हे चालेल. पण पावसाळ्यात पाणी एका दिवसात पुरुषभर चढतं आणि ओहोळाची धार थेट तिथेच येते, तेव्हा त्या धारेत उतरून दोर सैल करायला कोण जाणार? काठावरचा दोर सैल सोडला तर होडी धारेत भरकटून खडकावर आपटेल. आखूड ठेवला तर मागचीच गत.

तांडेलांना विचार. आणि उत्तराला महिना लावू नका. त्यांनी स्वतः दोन ओळी लिहिल्या असत्या तरी चाललं असतं.

अनसूया


हर्णै,
१२ जानेवारी १९९७

प्रिय अनसूये,

तुझ्या भागीबाईला माझा नमस्कार सांग. सासरी दिलेल्या पोरीचं ह्यांना दोनदा वाचून दाखवावं लागलं. सगळं आयुष्य परत येणाऱ्या पाण्यावर गेलेलं. न येणाऱ्या पाण्याचा विचार कधी करावा लागला नव्हता.

उशीर झाला, कबूल. कारण आमच्याकडे उत्तर नव्हतं. रोज विचारत होते. एक दिवस ह्यांनी खिडकीतून बोट दाखवलं, मासळीच्या गाडीच्या बैलाकडे. मला आधी कळेना. मग कळलं असं वाटतं. समुद्राचं शहाणपण इथे संपलं. आता त्या वाडीतल्या लोकांना विचार की ते गुरं कशी बांधतात. गुरालाही फिरू द्यायचं असतं आणि दूर जाऊ द्यायचं नसतं.

चुकीचं असेल तर हसून सोडून दे.

रत्ना


नाशिक,
२० मार्च १९९७

प्रिय रत्ने,

हसले नाही. ते पत्र घेऊन मी भागीबाईच्या गोठ्यातच गेले. गोठ्यामागे तिची दावण आहे. तुला ठाऊक नसेल तर सांगते: दोन टोकांना पक्का केलेला एक लांब जाड दोर, आणि प्रत्येक गुराचं दावं त्याला बांधलेलं. तिच्या खोडकर म्हशीचं दावं मात्र बांधलेलं नाही; ते लोखंडी कडीला आहे आणि कडी दोरावरून सरकते. म्हैस या टोकापासून त्या टोकापर्यंत चरते आणि शेजारच्या वाफ्यात जात नाही.

मी पत्र वाचून दाखवलं. भागीबाई म्हशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आडवी दावन उभी केली तर?"

रत्ने, मी बत्तीस वर्षं वर्गांत बसून हुशार मुलं शोधली. असा प्रश्न फार थोड्यांनी विचारला असेल.

तिचं म्हणणं असं. आत्ता पाणी खाली गेलंय, उतार उघडा पडलाय. काठावरच्या आंब्यापासून उतारावरून खाली, पार धरणात गेलेल्या भातखाचरातल्या मोठ्या धोंड्यापर्यंत, एक जाड दोर ताणून बांधायचा. त्यावर बैलगाडीची जुनी कडी. कडीला होडीचं दावं. पाणी चढेल तशी होडी वर येईल आणि कडी तिच्यामागे दोरावरून सरकत वर येईल. उतरेल तशी खाली. कुणी हलवायला नको.

वाडीतल्या बायका उतारावरची झुडपं, खुंट, जुने बांध काढताहेत, कडी कुठे अडकू नये म्हणून. भागीबाई पुढे उभी राहून सगळ्यांना ओरडते आहे आणि स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त उपसते आहे. "म्हशीनं शिकवलं, आता मानसानं केलं पायजे!" असं चाललंय.

एक शंका मला झोपू देत नाही. समज, पुरात ओंडका येऊन कडी अडकली तर? मग आखूड दावं आणि चढतं पाणी. नाक खाली. मागच्यासारखंच. भागीबाईला विचारलं तर म्हणते, "मी हाय ना कोयता घेऊन." तिचं वय आणि ती धार, दोन्ही मी पाहिली आहेत.

हे लवकर हवं आहे. लंकाला दिवस गेलेत. आषाढात बाळंत होईल, ऐन पाण्यात. या खेपेला तिला घोटीला नेऊनच बाळंत करायचं, असं स्नेहलने बजावलंय. होडी तेव्हा जाग्यावर हवी.

तांडेल एवढे गप्प का असतात? तू त्यांच्या वतीने लिहितेस ते ठीक, पण प्रश्न त्यांना आहे.

अनसूया


हर्णै,
४ मे १९९७

प्रिय अनसूये,

उभी दावण! ह्यांनी मांडीवर थाप मारली. नुसती एकदा नाही. आणि भागीबाईचं नाव मला तीनदा वाचायला लावलं.

तुझ्या शंकेचं उत्तर त्यांच्याकडे पहिल्याच दिवशी होतं. समजायला उशीर मला लागला. ते एक जाड नायलॉनचा दोर आणि एक बारीक काथ्याचा दोर घेऊन बसायचे, दोन्ही एकत्र ओढायला लावायचे, आणि काथ्या तुटला की माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, हा कच्चा आहे, टाकून देऊ. ते रागावायचे. असं कितीदा झालं. मग एका दुपारी डोक्यात उजेड पडला.

टाकायचा नाही. तोच वापरायचा.

कडीपासून होडीपर्यंतचं दावं मुद्दाम कच्च्या काथ्याचं करायचं. रोजची ओढ सोसेल, पण बुडत्या होडीचं वजन सोसणार नाही. कडी अडकली, नाक दबायला लागलं की काथ्या आधी तुटेल आणि होडी बुडणार नाही. आणि तुटल्यावर ती वाहून जाऊ नये म्हणून नाळेपासून आंब्यापर्यंत दुसरा दोर, पक्क्या नायलॉनचा, चांगला लांब, सैल वेटोळी करून ठेवायचा. काथ्या तुटला की हा कामाला येईल. होडी धारेतून बाजूला, काठाच्या आडोशाला झुलत जाईल. त्या बाजूला खडक नको, एवढं बघा.

सोबत काथ्याची गुंडाळी पाठवते आहे. जाडी ह्यांनी बोटांनी निवडली. तीनदा बदलली. एकदा मी चिडले, "दोरच आहे ना!" तर असं बघितलं की मी उठून चहा करायला गेले.

सांभाळून. लंकाला माझा आशीर्वाद.

रत्ना


नाशिक,
३० जुलै १९९७

प्रिय रत्ने,

हे पत्र सावकाश वाच. तांडेलांना मोठ्याने वाचून दाखव, एकही शब्द न गाळता.

गेल्या आठवड्यात इगतपुरीकडे पाऊस सुरू झाला तो थांबेना. बुधवारी मी आणि स्नेहल सकाळी अलीकडच्या काठावर पोहोचलो. पाणी चहासारखं लाल आणि नुसतं चढत होतं. पलीकडे आंब्याखाली होडी दिसत होती. दावण आमच्या डोळ्यांदेखत काम करत होती. होडी पाण्याबरोबर वर यायची, क्षणभर थांबायची, तेवढ्यात कडी मागून सरकली असणार, की पुन्हा वर. मी शाळा तपासलेली बाई आहे. कौतुक मोजून करते. त्या सकाळी मी स्नेहलचा दंड धरून नुसती बघत उभी होते.

मग ओहोळातून एक अख्खं झाड आलं, मुळांसकट. ते दावणीवर आडवं पडलं आणि तिथेच रुतलं. पाणी चढत राहिलं. होडी थांबली. नाक खाली जायला लागलं.

भागीबाई पलीकडच्या उतारावरून धावत येताना दिसली, हातात कोयता. लुगडं खोचून ती पाण्यात शिरली. गुडघे, मग कंबर. मी या काठावरून ओरडले, "भागीबाई, मागे फिर!" आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज तिच्यापेक्षा मोठा झाला, आणि तिने ऐकलं नाही. होडीच्या कडेवरून पाणी आत सांडायला लागलं होतं. आणखी दोन पावलं टाकली असती तर ती धारेत होती.

तेवढ्यात काथ्या तुटला.

आवाज आम्हाला आला नाही. एवढंच दिसलं की नाक एकदम वर उसळलं, जसं कुणी मानेवरचा हात काढून घ्यावा. होडी धारेबरोबर सुटली, लांब दोराची वेटोळी एकेक उलगडत गेली, दोर ताणला, आणि ती वळून, अगदी शांतपणे, काठाच्या आडोशाला जाऊन लागली. भागीबाई कमरेएवढ्या पाण्यात कोयता वर धरून उभी. मारायला कुणी उरलंच नाही, असा चेहरा. मग तिने त्या झाडाला ज्या शिव्या दिल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत. सगळ्या ऐकू आल्या.

दुपारी पावसाने उसंत घेतली, धार बसली. लंकाला कळा सुरू झाल्या होत्या. भागीबाईने पाणी उपसून होडी सोडली आणि आडोशाच्या बाजूने लांबचा पल्ला घेत तिला अलीकडे आणलं. घोटीच्या दवाखान्यात दिवेलागणीला मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. भागीबाई विचारत होती नाव काय ठेवू. मी म्हटलं, दावण ठेवू नकोस म्हणजे झालं. ती म्हणाली, "वाईट नाय हो!"

पाकिटात काथ्याचा तुकडा आहे. होडीच्या नाळेला राहिलेला. तुटलेलं टोक जसं होतं तसं ठेवलंय. हा तांडेलांसाठी. त्यांना सांग की मी आजवर अनेक पुस्तकी विद्वान पाहिले. जे तुटायला हवं ते आधीच ठरवून ठेवणारा माणूस पाहिला नव्हता.

आणि आता तरी त्यांनी स्वतः दोन ओळी लिहाव्यात.

अनसूया


हर्णै,
१७ ऑगस्ट १९९७

प्रिय अनसूये,

ते लिहू शकत नाहीत.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या आदल्या होळीला ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समुद्रावर आवाज देऊन दुसऱ्या होडीला थांबवणारा माणूस. तेव्हापासून एक शब्द नाही. तुला कळवलं नाही. तू धावत आली असतीस, सगळ्यांना शिस्त लावली असतीस, आणि मला रडू आलं असतं.

तुझं पत्र आलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. जेवण नको, खिडकी नको. मी आपलं वाचायचं म्हणून मोठ्याने वाचलं. "करकचून बांधली होती" इथे आले आणि त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. डावा हात पुढे केला. दोर मागत होते. मला ते कळायलाच संध्याकाळ झाली.

म्हणून माझी उत्तरं उशिरा यायची. एकेक गाठ एका हाताने दाखवायची, दुसरं टोक मी धरायचं, चुकलं की पुन्हा. तुझ्या प्रत्येक पत्रात रागावणं असायचं, तेही वाचून दाखवायची. "आणि उत्तराला महिना लावू नका" ऐकून त्यांचे डोळे हसायचे. कुणीतरी त्यांना अजून कामाचा माणूस समजून रागावत होतं.

परवा तुझं पत्र वाचलं, एकही शब्द न गाळता. काथ्या तुटला इथे मला थांबावं लागलं, त्यांनी हाताने खूण केली, पुढे, पुढे. शेवटी तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तुटलेलं टोक अंगठ्याने चाचपलं, एकेक तंतू, कुठून सुटला ते. मग घशातून एक आवाज आला. मी घाबरले. अनसूये, ते हसत होते. दीड वर्षात पहिल्यांदा.

तो तुकडा ते खाली ठेवत नाहीत. उशाशी घेऊन झोपतात.

सोबत नवं दावं पाठवते. दोन्ही टोकांचे फास ह्यांनी वळलेत. डाव्या हाताने आणि दातांनी. मी फक्त मध्ये धरलं. एक फास जरा वेडावाकडा आहे, पण पक्का आहे.

तुझी
रत्ना


नाशिक,
३ सप्टेंबर १९९७

प्रिय रत्ने,

तू मला कळवायला हवं होतंस. याबद्दल समोर आलीस की बोलेन. पत्रात बोलण्यासारखं ते नाही. मी धावत आले असते हे खरं, आणि आले असते तर नुसती खुर्च्या सरळ करत फिरले असते हेही खरं. बरं झालं, पत्रंच लिहिली.

काल दावं घेऊन वाडीत गेले. सगळ्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. लंका मुलीला मांडीवर घेऊन ऐकत होती. भागीबाई पुढे सरकली. दावं हातात घेतलं, तो वेडावाकडा फास पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला, कपाळाला लावला. मग उठली आणि घरात देव्हाऱ्यात ठेवायला निघाली.

मी म्हटलं, "कुठे चाललीस?"

"हे बांधायचं नाय बाई. पुन्ना तुटंल. येवढ्या मानसानं दातानं वळलंय."

मी म्हटलं, "भागीबाई, त्यांनी ते तुटायलाच पाठवलंय. देव्हाऱ्यात ते कधी तुटणार नाही आणि कुणाला वाचवणारही नाही. चल, बांध."

तिने पदराने डोळे पुसले, मला एक शिवी दिली, आणि काठावर गेली. एक फास कडीत, दुसरा नाळेत. वेडावाकडा होता तो होडीकडे ठेवला, "माझ्याकडं तोंड करून ऱ्हाऊ दे" म्हणाली. आम्ही उभं राहून पाहिलं. होडी थोडी मागे गेली, दावं ताणलं, सैल झालं. धरलं आहे आणि धरलेलं नाही, असं.

तांडेलांना सांग, दावं कामावर रुजू झालं आहे. पुढल्या पावसात तुटेलच. तुटलेला तुकडा मी पाठवीन, आणि त्यांनी तो पाहून जाडी बरोबर होती की नाही ते कळवायचं आहे. नवं वळून ठेवावं. या कामाला दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही, तेव्हा तब्येतीची सबब चालणार नाही. हे त्यांना जसंच्या तसं वाचून दाखव.

तुझी
अनसूया